रॅम्प आहे पण किल्ली कोणाकडेय? आपला परिसर सगळ्यांना वापरता येईल असा करायचा म्हणजे नक्की काय करायचं

एका हॉलला आम्ही रॅम्प बांधला होता. आम्ही म्हणजे मी पण त्या कमिटीत होतो त्यामुळे दुसऱ्या कोणाची चेष्टा करत नाहीये. ३ पायऱ्या होत्या, त्यांच्या शेजारी ६ फुटांचा उतार घातला, वर गुळगुळीत फरशी लावली कारण दिसायला छान दिसते, निळ्या रंगाची व्हीलचेअरची पाटी लावली, फोटो काढले आणि झालं आपलं काम असं समजून घरी गेलो. महिन्याभराने माझा एक मित्र व्हीलचेअरवरून कार्यक्रमाला आला, अर्ध्या उतारावर अडकला, आम्ही दोघांनी मागून ढकलत वर नेला तर वरचं दार बंद, किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. कसाबसा पुढच्या दाराने उचलून आत घेतला. आत सगळं ठीक होतं पण टॉयलेट २ पायऱ्या खाली. तो तासाभराने निघून गेला, जाताना म्हणाला मी सकाळपासून पाणीच प्यायलो नव्हतो म्हणून एवढा वेळ तरी थांबलो.

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. आणि नंतर कळलं की हे फक्त त्याचं नाही, व्हीलचेअर वापरणारे कितीतरी जण बाहेर पडायच्या दिवशी मुद्दाम पाणी कमी पितात, कारण टॉयलेट मिळेल याची खात्री नसते.

तर सांगायचं एवढंच की सोय ही एक एक वस्तू नसते, सबंध साखळी असते. घरातून निघाल्यापासून काम करून घरी परत येईपर्यंतची. मधली एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या कड्यांवर केलेला खर्च वाया. म्हणून खाली जे सांगतोय ते "कायकाय वस्तू बसवा" अशी यादी म्हणून वाचू नका, एखाद्या माणसाबरोबर चालत जाताय असं समजून वाचा.

आधी माणसं गोळा करा, सिमेंट नंतर

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की जगात साधारण १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर ६ माणसांत १. "आमच्याकडे असं कोणी नाहीये हो" असं जेव्हा एखादा पदाधिकारी म्हणतो तेव्हा त्याचा खरा अर्थ एवढाच असतो की ते लोक तुमच्याकडे येऊच शकत नाहीयेत. येणार कुठून, ३ पायऱ्या आहेत ना.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे विचारणं. व्हीलचेअर वापरणारं कोणी, कमी दिसणारं किंवा अजिबात न दिसणारं कोणी, ऐकू न येणारं कोणी, गुडघे दुखतात म्हणून काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या आजी, ऑटिझम असलेल्या मुलाची आई किंवा तो मुलगा मोठा असेल तर तो स्वतः. चारपाच जण मिळाले तरी पुष्कळ. आणि त्यांना फक्त मत द्यायला बोलवू नका, निर्णय घ्यायला बोलवा. अपंगांच्या चळवळीतली एक गाजलेली घोषणा आहे, आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको, ती उगाच नाही आलेली. आमच्या त्या रॅम्पच्या मीटिंगला व्हीलचेअरवर बसणारा एक जरी माणूस असता तर ६ फुटांचा आकडा ऐकूनच तो हसला असता.

अजून एक, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. बाकी इंजिनियरला फी देतो, रंगाऱ्याला देतो, आणि ज्याला आयुष्यभराचा अनुभव आहे त्याला हार घालून पाठवतो, हे बरोबर नाही. मीटिंगला येण्याजाण्याचा खर्च तर धराच धरा.

अपंग म्हणायचं की दिव्यांग यावर लोक तासभर भांडतात. समोरच्याला विचारा तुम्हाला काय चालेल आणि पुढच्या मुद्द्यावर या. काहींना दिव्यांग शब्द अजिबात आवडत नाही, काहींना तोच आवडतो.

एक फेरी, एक टेप, एक मोबाईल

आता सर्वे करायचा. सर्वे म्हणजे गुगल फॉर्म नाही. एक नेहमीचा प्रवास निवडा, उदाहरणार्थ बसस्टॉप ते दवाखाना, किंवा घर ते वाचनालय, आणि त्या माणसाबरोबर पूर्ण जा. पूर्ण म्हणजे रस्ता, फुटपाथ, गेट, दार, काउंटर, रांग, बसायची जागा, टॉयलेट, पाणी, आणि परत. परतीचं लोक विसरतात. चढता येतं पण उतरताना व्हीलचेअर घसरते, सकाळी उजेड असतो पण संध्याकाळी त्याच रस्त्यावर कमी दिसणाऱ्या माणसाला काही दिसत नाही, हे सगळं परतताना कळतं. जमलं तर एक फेरी पावसात मारा आणि एक गर्दीच्या वेळी.

टेप लावून फोटो काढा, म्हणजे फोटोत टेपवरचा आकडा दिसला पाहिजे. "उंबरा जास्त आहे" या तक्रारीवर कोणी काही करत नाही पण "उंबरा ३ इंच, हा फोटो" म्हणलं की वाद घालायला जागा राहत नाही. प्रत्येक फोटोखाली ३ गोष्टी लिहा, जागा कुठली, माप किती, आणि त्यामुळे कोणाचं काय अडलं. बस.

आणि एक विनंती, धडधाकट माणसाने व्हीलचेअरवर १० मिनिटं बसून "मला आता कळलं" असं करू नका. त्यातून फक्त भीती आणि दया कळते. वर्षानुवर्षं खुर्ची चालवणाऱ्याला जे कळतं ते १० मिनिटात येत नाही, आणि उलट १० मिनिटात जे अवघड वाटतं ते त्याच्यासाठी काहीच नसतं.

उताराचं गणित

रॅम्पचं एक साधं गणित लक्षात ठेवा, जितके इंच उंची तितके फूट लांबी. म्हणजे १:१२. आमच्या ३ पायऱ्या ६ इंचांच्या होत्या, एकूण १८ इंच, म्हणजे रॅम्प १८ फूट हवा होता. आम्ही ६ फूट बांधला. तो रॅम्प नव्हता, घसरगुंडी होती. आणि हा १:१२ पण जास्तीत जास्त चढ आहे, स्वतःच्या हाताने चाकं फिरवणाऱ्याला तो पण जड जातो, जागा असेल तर १:१५ किंवा १:२० करा.

एका दमात ३० इंचांपेक्षा जास्त उंची चढवायची नाही, मधे ५ फुटांची सपाट जागा द्यायची दम खायला. वर आणि खाली पण सपाट जागा लागते, नाहीतर वर पोचलेला माणूस दार उघडायला हात काढतो आणि खुर्ची मागे जायला लागते. दोन्ही बाजूंना कठडा हवा, साधारण ३४ ते ३८ इंच उंचीवर, आणि दोन्ही बाजूंना का तर अर्धांगवायू झालेल्या माणसाचा एकच हात चालतो, चढताना तो हात एका बाजूला असतो आणि उतरताना दुसऱ्या. रुंदी कठड्यांच्या मधे निदान ३ फूट मोकळी, ४ असेल तर उत्तम. कडेला छोटी किनार घाला म्हणजे चाक बाहेर जात नाही. वरची फरशी खरखरीत. चकचकीत फरशीचा मोह आवरा, पाऊस पडला की तिच्यावर धडधाकट माणूसही पडतो.

जागाच नसेल तर? सगळे इथे येऊन थांबतात. मग रॅम्प वळवून घ्या इंग्रजी एल सारखा, किंवा बाजूचं दार वापरात आणा. तेही नसेल तर व्हीलचेअरसकट वर नेणारी छोटी उभी लिफ्ट मिळते. आणि सगळ्यात स्वस्त उपाय तर कोणाला सुचतच नाही, तो म्हणजे कामच खाली आणा. फॉर्म भरायचा टेबल पहिल्या मजल्यावर का आहे? त्याला तिथे काही मुळं फुटलेली नाहीयेत, आणा की खाली. फक्त एक पायरी असेल तर उचलून ठेवता येणारा अॅल्युमिनियमचा रॅम्प मिळतो, पण तो आणायला कोणाला हाक मारायची ते बाहेर लिहा, बेल व्हीलचेअरवर बसून हाताला येईल अशी लावा.

मागच्या दाराने घेणं हा शेवटचा पर्याय ठेवा बरं का. कचऱ्याच्या डब्यांशेजारून पाहुण्याला आत आणायचं आणि वर सोय केली म्हणायचं.

उंबरा असेल तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. गटाराच्या जाळीची फट पण तेवढीच, आणि फटी चालण्याच्या दिशेला आडव्या टाका, नाहीतर व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं आणि काठीचं टोक दोन्ही त्यात अडकतं.

दाराचं माप दार ९० अंशात उघडून घ्यायचं, उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत, निदान ३२ इंच मोकळं. दुकानात ३२ इंची म्हणून मिळणारं दार आणून बसवलं तर मोकळी जागा २९-३० च उरते म्हणून ३ फुटी दार घ्या. गोल मूठ काढून टाका आणि दांडीसारखं हँडल लावा. चाचणी सोपी आहे, हाताची मूठ आवळा आणि तशीच आवळलेल्या मुठीने दार उघडून बघा. उघडलं तर सांधेदुखीवाल्या माणसालाही उघडेल, दोन्ही हातात सामान असलेल्या माणसाला कोपराने पण उघडेल.

टॉयलेट, म्हणजे खरी परीक्षा

इथे जरा थांबणारे मी, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. दारावर पाटी असते, आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या आणि मागच्या कार्यक्रमाचे बॅनर असतात. मी पाहिलेल्या अशा जागांपैकी निम्म्या तरी गोडाऊन होत्या आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच कुलूपबंद.

आत ५ फूट व्यासाचं वर्तुळ मोकळं हवं म्हणजे खुर्ची गोल फिरते. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, किंवा सरकतं, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि कोणाला मदतीला जाता येत नाही. कडी बाहेरून गरज पडल्यास उघडता येईल अशी. कमोडची बसायची उंची १७ ते १९ इंच म्हणजे व्हीलचेअरच्या सीटच्या जवळपास. कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा हवी कारण बरेच लोक समोरून नाही तर बाजूने सरकून बसतात, आणि लोक नेमकं त्या मोकळ्या जागेत कचऱ्याचा डबा नेऊन ठेवतात. धरायचे बार ३३ ते ३६ इंचांवर, आणि ते भिंतीत पक्के. टॉवेल अडकवायची दांडी ग्रॅब बार म्हणून लावलेली मी पाहिलीये, माणसाने पूर्ण भार टाकला की दांडी हातात येते. बसवल्यावर तुमच्यातल्या सगळ्यात वजनदार माणसाला लटकून बघायला सांगा, हसू नका, हीच टेस्ट.

बेसिनखाली कपाट करू नका, गुडघे आत गेले पाहिजेत, २७ इंच तरी मोकळं. आरसा खालपर्यंत आणा, बसलेल्या माणसाला स्वतःचं कपाळ नाही चेहरा दिसला पाहिजे. मदतीसाठी ओढायची दोरी असेल तर ती जवळपास जमिनीपर्यंत लोंबली पाहिजे, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. सफाई करणारे अडचण होते म्हणून ती दोरी वर गुंडाळून ठेवतात, त्यांचा दोष नाही, त्यांना ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. तर सांगा.

न दिसणाऱ्या माणसाचा रस्ता

फुटपाथवर पिवळ्या उठावदार फरशा असतात ना, त्या जपानमधे सेइइची मियाके यांनी १९६५ मधे तयार केल्या आणि १९६७ मधे ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. पूर्ण भाषा आहे ती, लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आता ही भाषा ज्याला माहीत नाही तो कंत्राटदार ती नक्षी म्हणून टाकतो. मग पट्ट्या सरळ खांबावर जातात, ठिपके भलतीकडेच येतात, आणि पुढे गेलं की झाडाच्या आळ्यात फरशा संपतात. चुकीच्या फरशा असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या, कारण माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवून चालतो. काम चालू असतानाच काठी वापरणाऱ्या कोणाला तरी नेऊन चालवून बघा.

पांढरी काठी जमिनीजवळचं शोधते, छातीच्या उंचीचं नाही. म्हणून जमिनीपासून २७ इंच ते ८० इंच या पट्ट्यात भिंतीतून किंवा खांबातून ४ इंचांपेक्षा जास्त काही बाहेर आलेलं नको, म्हणजे मीटरचे डबे, खिडकीचं उघडं दार, एसीचं युनिट, तिरकी लावलेली पाटी. जिन्याच्या खालची तिरकी जागा पण तशीच, काठी खालून निघून जाते आणि डोकं आपटतं. तिथे एखादी कुंडी किंवा कठडा ठेवला की काम झालं, इतकं स्वस्त.

ज्यांना थोडं दिसतं त्यांची संख्या अजिबात न दिसणाऱ्यांपेक्षा खूप जास्त असते हे पण लोकांच्या लक्षात येत नाही. पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी, काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला खूण, पाटीवर मोठी अक्षरं आणि गडद-फिका फरक. करड्यावर करडं लिहिणाऱ्या डिझायनरला माझा साष्टांग नमस्कार. ब्रेल लावा जरूर, लुई ब्रेलने १८२४ मधे वयाच्या १५ व्या वर्षी ती लिपी बसवली आणि आजही ती लागते, पण मोठेपणी दृष्टी गेलेल्या सगळ्यांनाच ब्रेल येतं असं नाही, म्हणून बोलून सांगायची सोय पण हवी. आणि ब्रेलची पाटी हाताला सापडेल अशा ठरलेल्या जागी, साधारण दाराच्या कडीच्या बाजूला. ७ फुटांवर लावलेली ब्रेल पाटी मी बघितलीये, कोणासाठी होती देव जाणे.

"माझा आवाज मोठा आहे, माईक नको"

हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी म्हणतंच. माईक घ्या. तुमच्या आवाजाचा प्रश्न नाहीये. बऱ्याच श्रवणयंत्रांमधे टी नावाचा मोड असतो, हॉलमधे इंडक्शन लूपची तार बसवलेली असेल तर माईकचा आवाज गोंगाट वगळून थेट त्या यंत्रात जातो, पण माईकमधे बोललात तरच ना. प्रेक्षकातून कोणी प्रश्न विचारला तर तो पण माईकवर परत म्हणून दाखवा.

बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा आणि पाठीमागे खिडकी नको, ओठ वाचणाऱ्याला मग फक्त काळी आकृती दिसते. साइन लँग्वेज ही हातवाऱ्यांनी बोललेली मराठी किंवा इंग्रजी नाही, तिचं स्वतःचं व्याकरण आहे आणि देशादेशात वेगळी आहे, त्यामुळे दुभाषी ठरवताना येणाऱ्या लोकांना कुठली भाषा येते ते विचारा. लांब कार्यक्रमाला एक दुभाषी पुरत नाही, ते काम डोकं इतकं थकवतं की साधारण २०-३० मिनिटांनी बदलून घ्यावं लागतं, म्हणून दोघं लागतात. भाषण, नावं, आकडे आदल्या दिवशी त्यांना पाठवा. आणि त्यांना स्टेजच्या कोपऱ्यात अंधारात उभं करू नका.

सगळ्या कर्णबधिरांना साइन येत नाही, उतारवयात ऐकू कमी झालेल्यांना तर बहुतेक नाहीच येत, त्यांच्यासाठी बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवावं लागतं. मोबाईलवर आपोआप लिहून दाखवणारी अॅप्स आहेत, छोट्या मीटिंगला चालतात, पण नावं आणि आकडे चुकवतात, दवाखान्यात किंवा कोर्टकचेरीत त्याच्या भरवशावर राहू नका.

जे दिसत नाही ते

ऑटिझम, मनोविकार, फिट्स, सतत थकवा आणणारे आजार, बौद्धिक अपंगत्व यांना ना रॅम्प लागतो ना ब्रेल. मग काय लागतं, तर पुढे काय होणार हे आधी कळणं. जागेचे फोटो, कुठून आत यायचं, किती वेळ लागेल, आवाज किती असेल हे आधीच टाकून ठेवा. एक शांत खोली ठेवा, झगझगीत लाइट्स आणि स्पीकर नसलेली. रांगेत उभं राहता येत नाही त्याला टोकन देऊन बसायला सांगा. सूचना छोट्या वाक्यात लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र.

आणि "तुम्ही तर चांगले दिसताय" हे वाक्य काउंटरवरच्या माणसाला पूर्णपणे विसरायला लावा. अपंगांसाठीच्या जागेवर गाडी लावून कोणी चालत उतरलं म्हणजे तो खोटारडा असं नसतं, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास बाहेरून दिसत नाही.

सेवा म्हणजे फक्त इमारत नाही

कुठल्याही सेवेला पोचायचे किमान दोन मार्ग ठेवा. फक्त फोनवर अपॉइंटमेंट दिली तर ऐकू न येणारा गेला. फक्त अॅपवर दिली तर अॅप न वापरणारा गेला, फक्त समक्ष या म्हणलं तर घराबाहेर पडणं अवघड असलेला गेला. फोन आणि मेसेज दोन्ही ठेवले तरी खूप फरक पडतो.

ग्रुपवर नोटीस फोटो काढून टाकतात, ही सवय आजच मोडा. स्क्रीन रीडर म्हणजे मोबाईलवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याला बहुतेक वेळा फोटोत नुसतं "इमेज" दिसतं, आतली तारीख वेळ जागा काही हाती लागत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचं तेच. फोटो टाकायचाच असेल तर खाली तोच मजकूर टाइप करा, १ मिनिट लागतं.

वेबसाइट असेल तर माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डच्या टॅबने पूर्ण फॉर्म भरून बघा. मग मोबाईलमधलं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे फोनमधेच असलेला स्क्रीन रीडर, चालू करून डोळे मिटून बघा. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रॅमरनी तो उभा केलाय, २००६ मधे काम सुरू झालं. अक्षर आणि पार्श्वभूमी यातला फरक नेहमीच्या मजकुराला ४.५:१ तरी हवा, तो मोजणारी फुकट टूल्स आहेत. फोटोंना वर्णन द्या, बटनांना नावं द्या. पण खरं सांगू का, रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका माणसाला अर्धा तास बसवून नुसतं बघत बसलात तर या सगळ्या नियमांपेक्षा जास्त कळेल.

काउंटरचा एक भाग तरी खाली हवा, बसलेल्या माणसाच्या उंचीला, आणि त्या खालच्या भागावर प्रिंटर ठेवू नका.

काउंटरवरच्यांना अर्ध्या तासाचं ट्रेनिंग द्या, त्यात एवढंच: सोबत आलेल्याशी नाही, त्या माणसाशी बोला. मदत करण्याआधी विचारा, आणि तो नको म्हणला तर खरंच करू नका. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका, ती त्याच्या शरीराचाच भाग समजा. न दिसणाऱ्या माणसाला हाताला धरून ओढू नका, तुमचं कोपर पुढे करा, तो धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. सोडताना "मी निघतो" असं बोलून निघा, नाहीतर तो बिचारा हवेशी बोलत राहतो.

आग लागली तर

हा भाग जवळपास कोणीच करत नाही. आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हणतो आपण, मग लिफ्टने वर आलेला माणूस खाली येणार कसा? उत्तर आधी ठरवून ठेवा. आगीपासून सुरक्षित अशी थांबायची जागा, जिन्यावरून खाली नेता येणारी खास खुर्ची, ती वापरता येणारी निदान दोन माणसं, आणि कोण कुठे आहे याची नोंद. भोंग्यासोबत चमकणारा दिवा, कारण भोंगा सगळ्यांना ऐकू येत नाही. टॉयलेटमधे पण तो दिवा हवा, एकटा माणूस असतो तिथे. ड्रिल असेल त्या दिवशी त्यांना "तुम्ही राहू द्या" म्हणून बाजूला बसवू नका, त्यांच्यासाठीच तर सराव करायचाय.

पैसे, क्रम आणि भांडण

सगळं एकदम होत नाही. यादीचे ३ ढीग करा. पहिला ढीग या आठवड्यात बिनखर्चाचा, टॉयलेटमधलं सामान काढणं, कुलूप लावणं बंद करणं, रस्त्यातल्या कुंड्या गाड्या हलवणं, नोटीस टाइप करणं. दुसरा ढीग थोड्या खर्चाचा, हँडल, बार, पायरीच्या पट्ट्या, छोटा रॅम्प, दिवे. तिसरा मोठ्या बांधकामाचा. पहिला ढीग संपवूनच पैसे मागायला जा, मागणीला वजन येतं. आणि नवीन काही बांधायचं असेल तर नकाशावर असतानाच बदला, कागदावर दार ४ इंचांनी रुंद करायला पेन्सिल लागते, नंतर भिंत फोडावी लागते.

"एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा खर्च?" हा प्रश्न येणारच. फुटपाथच्या कडेचा उतार आठवा. अमेरिकेत बर्कलीला १९७० च्या सुमाराला अपंग विद्यार्थ्यांनी त्यासाठी भांडण केलं, आणि आज तो उतार कोण वापरतं तर बाबागाडी ढकलणारे, चाकांची बॅग ओढणारे, सामान पोचवणारे, सायकलवाली पोरं. हे सांगून बघा. पण त्याच्यावरच सगळा भर देऊ नका असं माझं मत आहे, कारण कधीतरी अशी सोय मागावी लागते जी फक्त दोघांनाच लागते, आणि त्या दोघांचा पण तेवढाच हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, त्यातलं ९ वं कलम नेमकं याच विषयाचं, इमारती, रस्ते, वाहतूक, माहिती सगळं त्यात येतं, आणि १८० हून जास्त देशांनी तो मान्य केलाय. अर्जात त्याचा उल्लेख करा, आपल्या देशाचा कायदा आणि बांधकामाचे नियम शोधून त्यातलं कलम पण टाका, मापांमधे थोडा फरक असू शकतो तेव्हा तिथे जास्त कडक असेल ते घ्या.

अर्ज एका पानाचा. फोटो, माप, अडचण, काय हवं, कधीपर्यंत. लेखी पोच घ्या. उत्तर नाही आलं तर १५ दिवसांनी परत तोच अर्ज पहिल्याची तारीख टाकून. ऐकत नाहीत असं झालं तर मीटिंगच त्या पायऱ्यांसमोर बोलवा. १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमधे साधारण ६० जण व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून संसदेच्या इमारतीच्या पायऱ्या रांगत चढले होते, अपंगांच्या हक्कांचा कायदा अडकला होता म्हणून, आणि त्याच वर्षी २६ जुलैला त्या कायद्यावर सही झाली. आपल्याला एवढं करावं लागणार नाही बहुतेक, पण अधिकाऱ्याला नुसतं पायऱ्यांसमोर उभं करून "आता यांना आत घेऊन दाखवा" म्हणलं तरी बराच परिणाम होतो, स्वानुभव आहे.

झालेलं टिकवायचं असेल तर एका माणसाचं नाव आणि नंबर दारावर लावा, लिफ्ट बंद असेल, रॅम्पवर गाडी असेल तर फोन कोणाला करायचा ते कळलं पाहिजे. लिफ्ट बंद असल्याची बातमी लोक घरातून निघायच्या आधी टाका, दारात आल्यावर चिठ्ठी वाचून काय उपयोग. दर ३ महिन्यांनी तीच फेरी परत मारा, तीच माणसं, तोच रस्ता, तीच टेप, मधे काहीतरी नवीन नक्की उगवलेलं असतं, एखादा खांब किंवा नवा उंबरा.

आमचा रॅम्प आता १८ फुटांचा आहे, मधे एक वळण घेऊन, वर खरखरीत फरशी. टॉयलेटसाठी हॉलच्या मागची एक खोली फोडली, त्याला दीड वर्ष गेलं. मित्र मागच्या महिन्यात आला होता, पूर्ण कार्यक्रम बसला, आणि जाताना सांगून गेला की टॉयलेटमधला आरसा अजूनही ४ इंच वर आहे. यादीत घेतलाय.